हजार यार्डांवरची गोळी: नेमबाजीच्या स्पर्धांतील एका निवडीचा इतिहास

१/
२६ सप्टेंबर १८७४. न्यूयॉर्कजवळ लाँग आयलंडवरील क्रीडमूरचे मैदान. हजारो प्रेक्षक श्वास रोखून उभे होते. आयर्लंडच्या संघाची नेमबाजी संपली होती आणि त्यांचे गुण होते ९३१. अमेरिकेचे गुण ९३० आणि एकच बार शिल्लक. तो बार टाकणाऱ्या जॉन बोडाइन यांचा हात थोड्याच वेळापूर्वी बाटली फुटून कापला होता. रक्ताळलेल्या हाताने त्यांनी हजार यार्डांवरच्या, म्हणजे ९१४ मीटरवरच्या, लक्ष्यावर नेम धरला.

२/
गोळी मध्यावर लागली. चार गुण. अमेरिका ९३४, आयर्लंड ९३१. आयरिश नेमबाजांच्या हाती जॉन रिग्बी यांनी घडवलेल्या ठासणीच्या रायफली होत्या. अमेरिकनांच्या हाती रेमिंग्टन आणि शार्प्स यांच्या मागून भरायच्या रायफली. म्हणून ही लढत नेहमी दोन प्रकारच्या बंदुकांची लढत म्हणून सांगितली जाते. पण त्या दिवशी मैदानावर आणखी एक निवड पणाला लागली होती, ती गोळीची. ही त्या निवडीची गोष्ट.

३/
युद्धातील गोळी आणि स्पर्धेतील गोळी यांचे धर्म वेगळे. स्पर्धेत भेदनशक्तीला किंमत नाही. कागदाला किंवा लोखंडी फलकाला गोळी किती जोराने लागली, याचे गुण मिळत नाहीत. तेथे एकच प्रश्न असतो: पहिली गोळी जिथे गेली, तिथेच पंधरावी जाईल काय? या प्रश्नाचे उत्तर शोधता शोधता नेमबाज स्वतः गोळ्या ओतू लागले, दारू मोजू लागले, पुंगळ्या पुन्हा भरू लागले.

४/
कथेची सुरुवात मात्र आपल्या ओळखीच्या काडतुसापासून होते. १८५३ च्या नमुन्याची एनफिल्ड रायफल. १८५७ च्या उठावात जिच्या चरबी लावलेल्या काडतुसांनी ठिणगी टाकली तीच. त्या चरबीचे काम काय होते? ठासणीच्या बंदुकीत गोळी तोंडाकडून आत ढकलावी लागे. नळीच्या आतील आटे मुळातच गोळीला घासणारे, त्यात जळक्या दारूची काजळी. कागदात गुंडाळलेली, चरबी लावलेली गोळी सहज खाली उतरे.

५/
पण सहज उतरणारी गोळी सैल असते आणि सैल गोळी आट्यांना धरत नाही. या पेचावर फ्रेंच अधिकारी क्लोद-एत्येन मिनिए यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या गोळीने तोडगा काढला. तिचे बूड पोकळ होते. दारू पेटली की वायूच्या दाबाने ते बूड फुलून आट्यांत घट्ट बसे आणि गोळी फिरत बाहेर पडे. एनफिल्डची गोळी याच कुळातील. सैन्याला ती पुरेशी होती, नेमबाजाला नव्हती.

६/
या अपुरेपणाचा छडा लावला मँचेस्टरच्या जोसेफ व्हिटवर्थ यांनी. यंत्रांच्या अचूक मापनासाठी नावाजलेला हा अभियंता. सरकारने त्यांच्याकडे रायफली बनवण्याच्या यंत्रांविषयी विचारणा केली, तेव्हा त्यांनी उलट विचारले की चांगली नळी कशी असावी, हे मुळात कोणी तपासले आहे का? मग त्यांनी आपल्या घराच्या आवारात ५०० यार्ड लांबीचे झाकलेले चाचणी-दालन उभारले, म्हणजे वाऱ्याचा व्यत्यय न येता गोळीचा मार्ग अभ्यासता यावा.

७/
सरकारची अट होती की गोळीचे वजन एनफिल्डइतकेच, ५३० ग्रेन, असावे. (ग्रेन हे जुने वजन, ७,००० ग्रेन म्हणजे एक पौंड, साधारण साडेपंधरा ग्रेन म्हणजे एक ग्रॅम.) एनफिल्डच्या नळीचा व्यास होता ०.५७७ इंच. व्हिटवर्थ यांनी तो ०.४५१ इंचांवर आणला. वजन तेवढेच आणि व्यास कमी, म्हणजे गोळी लांब होणारच. ही लांबी हाच खरा शोध होता. बारीक आणि लांब गोळी हवा सहज कापते आणि आपला वेग जपून ठेवते.

८/
पण लांब गोळीला एक खोड असते. ती पुरेशी वेगाने फिरली नाही, तर हवेत कोलांट्या खाते. एनफिल्डच्या नळीतील आटे ७८ इंचांत एक फेरा घेत. व्हिटवर्थ यांनी तो फेरा २० इंचांत बसवला. भोवरा जितका जोराने फिरेल तितका ताठ उभा राहतो, तेच तत्त्व. पुढे १८७९ मध्ये गणिती जॉर्ज ग्रीनहिल यांनी गोळीच्या लांबी-व्यासावरून नळीला किती पीळ हवा, याचे सूत्रच मांडले. तेव्हापासून गोळीची निवड नळीच्या पिळाला विचारूनच करावी लागते.

९/
१८५७ मध्ये हाइद येथे दोन्ही रायफलींची चाचणी झाली. ५०० यार्डांवर एनफिल्डच्या गोळ्यांचे सरासरी विचलन सव्वादोन फुटांच्या आसपास, तर व्हिटवर्थच्या गोळ्यांचे साडेचार इंचांच्या आसपास. तरीही सैन्याने व्हिटवर्थची रायफल सर्रास स्वीकारली नाही. ती महाग होती, आणि षट्कोनी नळीत काजळी साचली की षट्कोनी गोळी आत ढकलणे कठीण होई. सैन्याने नाकारलेली ही गोळी स्पर्धांच्या मैदानावर मात्र मान मिळवून गेली.

१०/
२ जुलै १८६० रोजी विम्बल्डनच्या माळावर ब्रिटनच्या नॅशनल रायफल असोसिएशनची पहिली स्पर्धा सुरू झाली. उद्घाटनाचा बार राणी व्हिक्टोरियाने टाकला. व्हिटवर्थ रायफल लोखंडी चौकटीवर पक्की बसवून ४०० यार्डांवर आधीच रोखून ठेवली होती. राणीने फक्त चापाला जोडलेली दोरी ओढली. गोळी मध्यापासून दीड इंचाहूनही कमी अंतरावर लागली. माणसाचा हात बाजूला काढला, तर नळी आणि गोळी काय करू शकतात, याचे ते जाहीर प्रात्यक्षिक होते.

११/
यानंतर प्रवेश होतो विल्यम एलिस मेटफर्ड यांचा. त्यांचाही धागा १८५७ शी जुळतो. ईस्ट इंडियन रेल्वेत अभियंता म्हणून ते त्या वर्षी हिंदुस्थानात आले, आणि उठावाच्या धामधुमीत बिहारमधील मुंगेर येथील बंदोबस्तात त्यांनी पुढाकार घेतला. प्रकृती ढासळल्याने वर्षभरातच ते मायदेशी परतले आणि उरलेले आयुष्य त्यांनी रायफलीच्या नळीला आणि गोळीला वाहिले.

१२/
मेटफर्ड यांचा विचार साधा पण उलट्या दिशेचा होता. आटे खोल असतील तर गोळी सोलवटते आणि काजळी साचते. मग आटे उथळच ठेवावेत, गोळी किंचित कडक करावी आणि तिच्यावर कागदाचे पातळ वेष्टन चढवावे. दारू पेटताच बसणाऱ्या धक्क्याने गोळी जागच्या जागी थोडी आखूड आणि जाड होऊन आट्यांत बसते. पोकळ बुडाची गरजच उरत नाही. कागद नळीच्या तोंडाशी गळून पडतो आणि शिसे नळीला चिकटत नाही.

१३/
आता निवडीला बारीक पदर सुटले. शुद्ध शिसे फार मऊ. ते धक्क्याने वेडेवाकडे फुगते. कथिल जास्त मिसळले तर गोळी फुगतच नाही आणि आट्यांना धरत नाही. १६ भाग शिशाला १ भाग कथिल अशांसारखी प्रमाणे नेमबाज ओतशाळेतल्या कारागिराच्या जिव्हाळ्याने सांभाळत. साचा किती तापवावा, ओतलेल्या गोळ्यांपैकी हलक्या निघालेल्या कोणत्या बाजूला काढाव्यात (हलकी गोळी म्हणजे आत हवेचा पोकळ बुडबुडा), कागद किती जाडीचा घ्यावा, हे सारे ठरवूनच नेमबाज मैदानात उतरे.

१४/
क्रीडमूरला आलेले दोन्ही संघ याच विद्येचे वारस. ८००, ९०० आणि १,००० यार्डांवर सहा-सहा नेमबाज, प्रत्येक अंतरावर माणशी १५ बार. दोन्ही बाजूंच्या गोळ्या जड, लांब आणि कागदात गुंडाळलेल्या. ठासणीच्या रायफलीत गोळी हलकेच, सरळ खाली बसवता येई, हे आयरिशांचे बळ. मागून भरायच्या रायफलीत पुंगळी घरी निवांतपणे भरून आणता येई, हे अमेरिकनांचे. २७० बारांनंतर फरक उरला तीन गुणांचा. दोन वर्षांनी, १८७६ मध्ये, याच मैदानावर पाल्मा चषकाची परंपरा सुरू झाली.

१५/
पण चांगली गोळी चुकते कुठे? या प्रश्नामागे मॅसॅच्युसेट्समधील मिलफर्डचे डॉक्टर फ्रँकलिन मान यांनी दशके घालवली. काँक्रीटच्या पायावर नळी अढळ बसवून ते बार टाकत, झाडलेल्या गोळ्या भुशात अडवून अखंड परत मिळवत, आणि मुद्दाम गोळ्यांना इजा करून परिणाम पाहत. १९०९ मध्ये त्यांचा ग्रंथ आला. त्यातला एक निष्कर्ष नेमबाजांच्या कायमचा ध्यानात राहिला: गोळीच्या टोकाला ठेच लागली तर बिघाड थोडा, बुडाला लागली तर फार मोठा.

१६/
कारण नळीतून बाहेर पडताना गोळीचे बूडच सर्वांत शेवटी सुटते. बूड तिरके वा टवका गेलेले असेल, तर मागचा वायू एका बाजूने आधी निसटतो आणि गोळीला बाजूला ढुशी देतो. डोळ्यांना सुंदर दिसणारे अणकुचीदार टोक पाहून गोळी निवडू नये, तिचे बूड पाहावे, हा धडा येथून मिळाला.

१७/
दरम्यान दारूच बदलली होती. १८८४ मध्ये फ्रान्सच्या पॉल व्हिएय यांनी निर्धूर दारू तयार केली आणि गोळ्यांचा वेग एकदम वाढला. त्या वेगाला उघडे शिसे टिकेना; ते आट्यांवरून सोलून निघे. स्वित्झर्लंडचे एडुआर्ड रुबिन यांनी याच दशकात धातूचे आवरण चढवलेली गोळी घडवली. मेटफर्ड यांचे उथळ आटेही या बदलात बळी पडले. १८८८ च्या ली-मेटफर्ड रायफलीत ते होते, पण कॉर्डाइट या नव्या दारूच्या उष्णतेने ते झिजू लागले. खोल आटे आले आणि रायफलीचे नाव झाले ली-एनफिल्ड. दारू बदलली की नळी बदलते आणि नळी बदलली की गोळी.

१८/
नव्या आवरणाने नवी डोकेदुखी आणली. अमेरिकेत ते तांबे आणि निकेल यांच्या मिश्रधातूचे असे, आणि त्याचे गठ्ठे नळीच्या तोंडाजवळ चिकटत. स्पर्धेच्या ऐन मध्यात नेम बिघडे. म्हणून नेमबाज गोळीचे टोक वंगणात बुडवून मगच काडतूस भरत. त्याने गठ्ठे कमी होत, पण वंगण काडतुसाच्या मानेभोवती पसरे आणि नळीच्या घरातील दाब वाढे. ही सवय अंगवळणी पडली होती, आणि अंगवळणी पडलेल्या सवयीतला धोका दिसत नाही.

१९/
१९२१. कॅम्प पेरी येथील राष्ट्रीय स्पर्धांसाठी फ्रँकफर्ड शस्त्रशाळेने टाउनसेंड व्हेलन यांच्या देखरेखीखाली खास काडतुसे बनवली. गोळीवर कथिलाचा मुलामा होता. गठ्ठे बसेनात, नेम उत्तम लागे. पण कथिल आणि पुंगळीचे पितळ काही काळ एकमेकांवर दाबून राहिले की आपोआप जुळून जातात, जणू कोणी डाग दिला असावा. गोळी सुटायला बराच जोर लागू लागला. एरवी चालून गेले असते, कारण बार उडताना पुंगळीची मान फुलून गोळीला वाट देते.

२०/
वंगण लावले की मात्र त्या फुलण्याला जागाच उरत नव्हती. मान घट्ट, गोळी जखडलेली, मागे पेटलेली दारू. वंगण लावू नये, अशी स्पष्ट ताकीद स्पर्धेत दिली गेली. तरीही काहींनी जुन्या सवयीने लावलेच, आणि रायफल फुटण्यापर्यंत मजल गेली. या प्रसंगात नेमबाजांचा वंगणाचा अनुभव खरा होता आणि शस्त्रशाळेचा प्रयोगही खरा होता. दोन बरोबर गोष्टी एकत्र आल्या आणि अपघात झाला. काडतुसातला एक घटक बदलला की बाकीचे सारे नव्याने तपासावे लागतात, हा हातभरणीचा सर्वांत कठोर नियम नेमबाजांनी अशी किंमत मोजून शिकला.

२१/
पुढच्याच वर्षी उत्तर सापडले. आवरणासाठी तांबे आणि थोडे जस्त यांचा मिश्रधातू आला. तो चिकटत नव्हता, म्हणून कथिलही नको आणि वंगणही नको. सोबत गोळीचा आकारही बदलला. तिचे बूड होडीच्या मागच्या भागासारखे निमुळते झाले. सपाट बुडामागे हवेत पोकळी निर्माण होऊन गोळी मागे ओढली जाते. निमुळत्या बुडामागे ती ओढ कमी असते. फ्रेंच आणि स्विस सैन्याने असे बूड आधीच वापरले होते.

२२/
याचा नेमबाजाला खरा लाभ वाऱ्यात होतो. आडवा वारा गोळीला किती सरकवेल, हे ती किती वेळ हवेत होती एवढ्यावरच ठरत नाही. हवेच्या विरोधामुळे तिला किती उशीर झाला, यावर ते ठरते. म्हणून वेगाने निघून लवकर दमणाऱ्या गोळीपेक्षा वेग टिकवून धरणारी गोळी कमी सरकते. सुमारे १७३ ग्रेनची ही नवी गोळी अमेरिकन सैन्याने विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात मुख्य काडतुसात घेतली आणि नेमबाजांना ती अतिशय आवडली.

२३/
मग ती मागे का घेतली गेली? ती फार दूर जात होती. जुन्या मैदानांभोवती राखलेला सुरक्षित पट्टा तिला पुरेना. चुकलेली गोळी कुंपणापलीकडे पोहोचण्याची भीती होती. चौथ्या दशकाच्या अखेरीस सैन्य पुन्हा सपाट बुडाच्या, १५० ग्रेनच्या गोळीकडे वळले. चांगली गोळी तिच्या चांगुलपणामुळेच नाकारली गेली. नेमबाज मात्र जुने साठे जपून वापरत राहिले आणि पुढे स्पर्धांच्या काडतुसांत ती १७३ ग्रेनची गोळी परतली.

२४/
दुसऱ्या महायुद्धानंतर कारखान्यांनी खास स्पर्धेसाठी गोळ्या विकायला सुरुवात केली. सिएरा कंपनीची १६८ ग्रेनची मॅचकिंग ही त्यातली सर्वांत प्रसिद्ध. ती ३०० मीटरच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धांसाठी आखली होती आणि त्या अंतरावर तिने अनेकांना जिंकवले. मग नावलौकिक ऐकून लोकांनी ती हजार यार्डांवर नेली. तेथे वेग ध्वनीच्या वेगाजवळ उतरला की तिच्या बुडाचा तीव्र उतार तिला डगमगवी. गोळीचा यात दोष नव्हता. तिला न विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर तिच्याकडून मागितले गेले होते.

२५/
हजार यार्डांचा प्रश्न वेगळा होता आणि त्यात नियमांचीही भर होती. पाल्मा परंपरेतील .३०८ रायफलीच्या गोळीचे वजन १५६ ग्रेनपेक्षा कमी असावे लागे. एरवी लांब पल्ल्यासाठी कोणीही जड गोळी निवडेल. येथे मात्र हलकी गोळीच वेगाने झाडून, लक्ष्यापर्यंत ती ध्वनीच्या वेगापेक्षा वरच राहील, असा आकार तिला द्यावा लागला. १९९२ मध्ये न्यू मेक्सिकोतील रॅटन येथील स्पर्धेसाठी १५५ ग्रेनची गोळी याच हिशेबाने घडली.

२६/
म्हणजे दीडशे वर्षांच्या या खटाटोपात 'सर्वोत्तम गोळी' नावाची वस्तू कधीच सापडली नाही. सापडली ती प्रत्येक वेळी एका नळीसाठी, एका अंतरासाठी, एका नियमासाठी योग्य गोळी. आजही हातभरणी करणारा नेमबाज एकाच डबीतील गोळ्या तराजूवर ठेवतो, त्यांची लांबी मोजतो, बुडे निरखतो आणि सारख्या निघालेल्या एकत्र ठेवतो. व्हिटवर्थ मोजत होते, मान मोजत होते. तोही तेच करतो.

२७/
शेवटी पुन्हा क्रीडमूर. त्या दिवशी आयर्लंडच्या मिलनर यांची एक गोळी लक्ष्याच्या अगदी मध्यावर लागली होती. साचा, कथिल, कागद, दारू, वारा, सारे काही जमून आले होते. फक्त ते लक्ष्य शेजारच्याचे होते. नियमाप्रमाणे त्या बाराला शून्य मिळाले. ते चार गुण मिळाले असते तर आयर्लंड ९३५ वर पोहोचले असते आणि बोडाइन यांचा प्रसिद्ध बार एका गुणाने अपुरा पडला असता. गोळीने आपले काम चोख केले होते. कुठे जायचे, हे तिला माणसाने सांगायचे होते.